पाटी की पटाशी? ओल्या लाकडाचा आणि हत्यारांच्या जातीचा इतिहास

सुट्टीत मुलामुलींना ओल्या लाकडाचे कोरीवकाम शिकवावे, असा विषय हर्णे-दापोली भागातल्या आमच्या कार्यकर्त्यांत निघाला, तेव्हा पहिल्याच मिनिटाला आक्षेप आला आणि तो रास्त होता. आपल्या आज्या-पणज्यांनी गावाची लाकडे फोडली, साहेबाच्या मुक्कामाला सरपण वाहिले, मसणात लाकडे पोचवली. बाबासाहेबांनी त्या ओझ्याखालून काढून आपल्या हातात पाटी दिली. आता ती पाटी बाजूला ठेवून पुन्हा कुऱ्हाड उचलायची काय?

याला ‘श्रमाची प्रतिष्ठा’ असे गुळगुळीत उत्तर देऊन भागणार नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेची प्रवचने आपण पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती देणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या तळहाताला घट्टे होते. म्हणून आम्ही प्रश्न जरा वेगळा मांडतो. झाड तोडणारा हात, ते वाहणारा हात आणि ते कोरणारा हात हे तीन हात या देशात वेगळे कसे झाले? ते कोणी वेगळे ठेवले? आणि आज आपण कोरणारा हात मागितला, तर ती माघार ठरते की हक्काची मागणी?

आधी ओले लाकूड म्हणजे काय, ते समजून घेऊ. नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाणी भरलेले असते. पुष्कळ जातींत त्या पाण्याचे वजन सुक्या लाकडाच्या निम्म्याहून अधिक भरते. अशा लाकडात चाकू सहज शिरतो, ढलपी लांब आणि सलग निघते. तेच लाकूड वर्षभर वाळले की पटाशी आणि मोगरीशिवाय हलत नाही. म्हणून जगभर घरगुती वस्तू लाकूड ओले असतानाच घडवल्या गेल्या. आपल्या कोकणात भाकरीचे पीठ मळायची काठवट, गुरांना पाणी पाजायची डोण, भात कांडायचे उखळ ही सगळी एकाच खोडातून कोरून काढलेली भांडी. किनाऱ्यावरची उलांडीची जुनी होडी म्हणजे आंब्याचे एक अख्खे खोड पोखरून केलेले मोठे भांडेच. हर्णेच्या बंदरात आज फायबरच्या नौका वाढल्या आहेत, पण जून-जुलैच्या मासेमारीबंदीत वर ओढून ठेवलेली एखादी लाकडी नौका दिसली तर तिच्या फासळ्या नीट पाहा. त्यांचा बाक बहुतेक वेळा झाडाच्याच बाकाचा असतो. वाकडी फांदी शोधून तिचा नैसर्गिक वळसा वापरायचा, हे ज्ञान ना कोणत्या पोथीत आहे ना कोणत्या शाळेत.

आता तोडणाऱ्या हाताकडे येऊ. कोकणात कुणब्याच्या आणि बौद्धाच्या घरात कोयता नाही असे घर सापडायचे नाही. भाताच्या दाढीसाठी राब भाजायचा, तर ऐन-किंजळीची कवळे तोडावी लागतात. उन्हाळ्याआधी माणसे झाडावर चढून ओली फांदी सपासप उतरवतात. कोणते लाकूड कसे फाटते, कुठे गाठ आहे, कोणती फांदी वजन पेलणार नाही, हे त्यांना अचूक कळते. म्हणजे ओल्या लाकडाचे निम्मे शास्त्र आपल्या घरात होतेच. तरीही त्या फांदीचे पुढे काय व्हायचे, ते ठरवायचा अधिकार आपल्या माणसांकडे नव्हता. ती खोताच्या राबात जायची किंवा खोताच्या चुलीत. खोती म्हणजे नुसता धाऱ्याचा आणि मक्त्याचा प्रश्न नव्हता, त्यात वेठही होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ला शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात कोकणातून बोटीने आलेली कुळे होती. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडले.

कोरणारा हात सुताराचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचा तपशील आहे. देशावरच्या बहुतेक याद्यांत सुतार आणि महार हे दोघेही पहिल्या, थोरल्या ओळीतले बलुतेदार. (कोकणात खोतीमुळे बलुत्याची घडी देशाइतकी पक्की नव्हती, पण कामाची वाटणी तीच होती.) कागदावर दोघे एका ओळीत, व्यवहारात एकाच्या वाट्याला वाकस, पटाशी, सामता, रंधा आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याच लाकडाचे ओझे. सुताराचे काम ‘कला’ ठरले. महाराचे काम ‘वतन’ ठरले, आणि ते वतन इतके लबाड की चोवीस तासांची गुलामी मिरासदारीच्या नावाखाली आपल्याच माणसांना अभिमानाची वाटू लागली. बाबासाहेबांनी १९२८मध्ये त्या वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते याच कारणासाठी.

पण इथे आपल्यातल्या काहींची एक चूक होते. ती अशी की सुताराला सरसकट ‘वरचा’ म्हणून सोडून द्यायचे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे, आणि त्या यादीत चोर, गवई आणि सावकार यांच्या पंगतीला सुतार बसवला आहे. ज्याने केलेल्या चौरंगावर बसून जेवायचे, त्याच्या घरचे अन्न मात्र चालत नाही! बाबासाहेबांनी ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये मुंबईच्या सोनारांचे उदाहरण दिले आहे. पेशवाईत त्यांना धोतराचा सोगा सोडायला आणि ‘नमस्कार’ म्हणायला बंदी झाली, आणि कंपनी सरकारने १७७९मध्ये त्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. कारागीर कितीही कुशल असला तरी शिडीवरची त्याची पायरी पक्की. श्रेणीबद्ध विषमता हीच. सुताराला महारापासून तोडते आणि दोघांनाही वरच्यांपुढे वाकवते.

त्याच मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचे नियम आहेत. विटाळलेले लाकडी भांडे कसे शुद्ध करावे? तासून. वरचा पापुद्रा काढला की भांडे पुन्हा वापरायला मोकळे. आम्ही हे वाचले तेव्हा काही वेळ गप्प बसलो. लाकडाला तासून विटाळातून सुटका होती. माणसाला अशी कोणतीही सोय त्या ग्रंथात ठेवलेली नाही. २५ डिसेंबर १९२७ला महाडला तो ग्रंथ का जळला, हे कळायला एवढी एक तुलना पुरे. महाड इथून फार लांब नाही.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहू. कार्ल्याच्या चैत्यगृहाला आपण सहलीला जातो, छताच्या लाकडी फासळ्या पाहून अचंबा करतो आणि खाली येतो. दगडात लेणे कोरले, तरी कारागिरांनी लाकडी इमारतीची आठवण सोडली नाही. कमानी तशाच, तुळया तशाच, आणि खऱ्या सागाच्या फासळ्यासुद्धा दगडात बसवलेल्या. पण दारापाशी एक छोटा शिलालेख आहे, तो सहसा कोणी दाखवत नाही. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, ते दार घडवले असे त्यात कोरले आहे. त्याच्यासाठी शब्द आहे ‘वढकी’, ज्यावरून हिंदीतला बढई आला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक सुतार स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव बौद्ध संघाच्या वास्तूवर कोरून ठेवतो आणि त्याला कोणी अडवत नाही. याउलट हर्णेसमोरचा सुवर्णदुर्ग जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्याचे आम्हालाही कौतुक आहे. पण त्या दुर्गाच्या आसऱ्याने ज्या गलबतांनी समुद्र राखला, त्यांच्या फासळ्या तासणाऱ्या एकाही माणसाचे नाव आपल्याला शाळेत शिकवलेले नाही. सरदारांची नावे पाठ आहेत.

पाली साहित्यात तर ओल्या लाकडाच्या कामाचे थेट वर्णन सापडते. अलीनचित्त जातकात वाराणसीजवळच्या सुतारांचे एक गाव आहे. ते लोक नावेतून नदीच्या वरच्या अंगाला जातात, रानात जिथे झाड पडले तिथेच खांब-तुळया तासतात, घराचा सांगाडा रचून पाहतात, प्रत्येक तुकड्यावर खूण करतात आणि सगळे नावेत घालून खाली आणतात. ज्याचा पायातला सल त्यांनी काढला तो हत्ती पुढे त्यांना ओंडके फिरवून देतो, हत्यारे आणून देतो. संयुत्त निकायातल्या एका सुत्तात तथागतांनी भिक्खूंना वाकसाच्या दांड्याचा दृष्टांत दिला आहे. सुताराच्या बोटांचे ठसे दांड्यावर उमटलेले दिसतात, पण आज किती झिजला, काल किती झिजला हे त्याला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजला एवढे नक्की कळते. मनाचे विकार साधनेने असेच झिजतात. त्याच सुत्तात वर ओढून ठेवलेल्या नौकेचे दोर उन्हा-वाऱ्याने आणि पावसाने कुजतात, असाही दृष्टांत आहे. हर्णेचा माणूस तो ऐकून लगेच मान हलवील. सांगायचे असे की धम्माचा विचार मांडताना कारागिराचे हत्यार उपमेला घ्यायला तथागतांना कमीपणा वाटला नाही.

आम्ही प्राचीन बौद्ध समाजाला नंदनवन म्हणत नाही. जातकातले सुतारांचे गावही वंशपरंपरेचेच आहे. विनयपिटकात ‘हीन’ समजल्या जाणाऱ्या जन्मांची आणि धंद्यांची यादी येते. त्यात चांडाळ आहे, रथकार आहे, बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी आहेत. म्हणजे समाजात भेद होताच. पण ती यादी कुठे येते हे महत्त्वाचे. भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला जन्मावरून किंवा धंद्यावरून हिणवले तर तो दोष मानावा, असा नियम सांगताना ती येते. मनूने यादी केली ती कोणाला दूर ठेवायचे हे सांगायला. विनयाने केली ती हिणवणाऱ्याला दोषी धरायला. दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत आणि त्यांची सुरुवात बौद्धांनी केली. तिथल्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. वर्षावासाला जाल तेव्हा मूर्तीबरोबर त्या खुणाही पाहा.

मग कोणी म्हणेल, हे झाले जुने. यंत्र आले आणि जात गेली. बाबासाहेब स्वतः यंत्राचे खंदे समर्थक होते. ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५च्या ग्रंथात त्यांनी चरख्याच्या तत्त्वज्ञानाची चिरफाड केली आहे: माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायला फुरसत लागते, फुरसत यंत्र देते, आणि दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे. आम्ही त्या भूमिकेपासून तसूभरही हटत नाही. पण समाजरचना तशीच राहिली तर यंत्रालाही जात चिकटते, हे बाबासाहेबांनीच दाखवले. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, मात्र चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो आधी फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता, हेही लक्षात ठेवू. हत्यार बदलले, सुताराच्या वाकसाच्या जागी गिरणीचा धोटा आला, पण त्याला कोणी हात लावायचा हे जातीनेच ठरवले. श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचे म्हणणे एका धोट्यात मावते.

म्हणून हातकामाचे शिक्षण हा विषय आला की आपण एक कसोटी लावली पाहिजे. जगात या शिक्षणाच्या दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली युरोपच्या उत्तरेकडची. फिनलंडमध्ये युनो सिग्नेयसच्या प्रयत्नाने १८६६पासून शाळांत हस्तकाम आले. त्यापाठोपाठ स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सॉलोमनने शिक्षकांसाठी प्रशिक्षण उभे केले. त्या पद्धतीचे नाव ‘स्लॉइड’. मूल चाकूने एक साधी कांडी कोरण्यापासून सुरू करते आणि एकेक पायरी चढत चमचा, भांडे, खोका असे करत जाते. सॉलोमनचे म्हणणे स्पष्ट होते की यातून सुतार तयार करायचे नाहीत, मूल घडवायचे आहे: डोळा, हात, धीर, नीटनेटकेपणा. तुझा बाप काय करतो, असा प्रश्न त्यात नव्हता. शेतकऱ्याचे पोरगे आणि अधिकाऱ्याचे पोरगे एकच चमचा कोरत. आज पुण्या-मुंबईच्या चांगल्या वस्तीत ओल्या लाकडाचे चमचे कोरण्याच्या ज्या कार्यशाळा भरतात, त्या याच परंपरेच्या नातवंडे म्हणायच्या. फरक एवढा की इथे त्यांची फी पाहूनच आपली पोरे मागे फिरतात.

दुसरी परंपरा ‘ज्याने-त्याने आपापल्या जागी राहावे’ अशी. अमेरिकेत गुलामी संपल्यावर काळ्या लोकांनी काय शिकावे, यावर मोठा वाद झाला. बुकर टी. वॉशिंग्टनने १८८१पासून टस्कीगीत सुतारी, वीटकाम, शेती शिकवली, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३मध्ये त्यावर टीका केली. हात शिकवा, पण मताचा हक्क आणि उच्च शिक्षण सोडून देण्याच्या अटीवर नको, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी १९४६मध्ये याच ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नई तालीम निघाली. सूतकताई, सुतारी, शेती, चामडेकाम असे उद्योग शाळेच्या केंद्रस्थानी. त्यात चांगलेही काही होते, सगळे झिडकारायचे कारण नाही. पण जो नेता वर्णाश्रमाचे आणि बापाच्या धंद्याचे समर्थन करत आला, त्याच्या शाळेत चर्मकाराच्या पोराच्या हातात पटाशी येणार की पुन्हा रापीच, ही शंका घेणे आपले कर्तव्य होते. ती शंका किती खरी होती, हे १९५३मध्ये मद्रासला दिसले. राजाजींनी खेड्यांतल्या शाळांची वेळ कमी करून उरलेला वेळ मुलांनी आईबापांचा धंदा शिकण्यात घालवावा, अशी योजना काढली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिचे नाव ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे ठेवून रान उठवले. १९५४मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली.

हा इतिहास संपलेला नाही. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. अठरा धंदे, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, पुढे सवलतीचे कर्ज. यादीत सुतार आहे, होडी बांधणारा आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे, खेळणी करणारा आहे. हर्णेच्या कितीतरी घरांना याचा उपयोग होऊ शकतो आणि ज्यांना मिळते त्यांनी जरूर घ्यावे; सरकारी पैसा आपलाच आहे. पण योजना ‘कुटुंबाधारित पारंपरिक’ धंद्याची भाषा बोलते. तमिळनाडूने नोव्हेंबर २०२४मध्ये नेमका हाच मुद्दा धरून, घराण्याच्या परंपरेची अट काढा, ज्याला शिकायचे आहे त्या प्रत्येकाला घ्या, अशी भूमिका घेत ही योजना आहे तशी राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात यावर आपल्या चळवळीने जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोललेली नाही.

आता सुरुवातीच्या आक्षेपाचे उत्तर देता येते. पाटी खाली ठेवायची नाहीच. दापोलीच्याच शाळेत १८९०च्या दशकात महार पेन्शनरांच्या मुलांना वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवले गेले. गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त सैनिक याच कॅम्पात राहून लिहीत आणि अर्ज करत होते. सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंबही काही काळ इथे होते. एवढ्या लढाईने मिळालेली पाटी कोणी चाकूच्या बदल्यात मागत असेल तर त्याला हाकलून द्या. पण पाटी की पटाशी, हा प्रश्नच जातीचा आहे. एकाने डोके वापरायचे, दुसऱ्याने हात, ही वाटणी त्यांची. आपल्या मुलीने समाजशास्त्रात एम.ए. करावे आणि तिला चमचाही कोरता यावा. वारशाचा दाखला दाखवून नाही, तर मनात आले म्हणून. बापाने कधी हातात न घेतलेले हत्यार मुलीने घेतले, तर ती जातीच्या वाटणीबाहेर पडते.

तेव्हा प्रत्यक्ष सुरुवातीचे बोलू. हत्यारे चार पुरतात: एक छोटी करवत, एक हलकी कुऱ्हाड, सरळ पात्याचा तीन-साडेतीन इंची चाकू, आणि चमच्याचा खळगा काढायला वाकड्या पात्याचा चाकू. यातला शेवटचा बाजारात सहज मिळत नाही. चांगल्या लोहाराला कागदावर आकार काढून दिला तर तो जुन्या कानशीच्या पोलादातून घडवून देतो. वाकस पहिल्या दिवशी नको. तो पायाकडे येणारा घाव आहे, सहा महिन्यांनी घ्या. कोयता सगळ्यांच्या हाताला सवयीचा आहे, फांदी उतरवायला तोच बरा, पण कोरायला त्याचे पाते फार जड. धार हा खरा विषय. बोथट चाकूने जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला चाकू निसटतो. कापते ते तेव्हाच. निसण्यावर पाणी टाकून धार काढायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पुसून घ्यायची. गावातली सगळ्यात बारीक धार कोणाकडे असायची माहीत आहे? रापी चालवणाऱ्या चर्मकाराकडे. त्या आळीत कोणी म्हातारे उरले असतील तर धार लावायला त्यांच्याकडून शिका, आणि गुरू म्हणून त्यांना वर्गात समोर बसवा.

लाकडासाठी झाड तोडायचे नाही. साग, आंबा, फणस अशी झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, आणि कांदळवनाला तर हातच लावायचा नाही. छाटलेल्या, पडलेल्या फांद्या पुष्कळ मिळतात. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हर्णे, आंजर्ले, केळशीपर्यंत बागांच्या बागा झोपल्या. त्यातले कितीतरी लाकूड सरपण म्हणून गेले. शिकायला शिवण उत्तम, भेंडीही चांगली, आंबा चालतो, पण त्याचा चीक काहींच्या अंगावर उततो. पांगारा फार हलका, सावंतवाडीची खेळणी त्याची होतात. चमच्याला टिकत नाही. कण्हेर विषारी आहे, तिचा चमचा कधीही करू नका. बिब्बा आणि गेवा यांच्या चिकाने कातडी आणि डोळे जातात; ओळख पक्की नसेल ते लाकूड बाजूला ठेवा.

मनगटाएवढी, गाठ नसलेली फांदी घ्या, चमच्यापेक्षा वीतभर लांब कापा आणि पाचर मारून उभी फोडा. मधला गाभा काढून टाकायचाच, कारण वाळताना भेग तिथूनच सुटते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवे आकसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. म्हणून खळग्याची जाडी सगळीकडे एकसारखी ठेवावी लागते. एक बाजू जाड आणि एक पातळ राहिली तर रात्रीत तडकतो. कुऱ्हाडीने आकार काढताना लाकूड ओंडक्यावर टेकवा, हात घावाच्या वर ठेवा. चाकू नेहमी उंच भागाकडून खोलगट भागाकडे उतरता चालवा. तंतूंच्या उलट गेलात की लाकूड उपटते. मांडीवर धरून कोरू नका, मांडीच्या आतली मोठी रक्तवाहिनी विसरू नका. आणि एक, मुलींना वेगळा वर्ग नको. विळीवर दोन मिनिटांत सुरमई उभी चिरणाऱ्या बायांच्या गावात पात्याची भीती मुलींना शिकवण्यात अर्थ नाही.

हंगाम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात ओल्या लाकडाला दोन दिवसांत बुरशी धरते. कोरलेला चमचा त्याच्याच ढलप्यांत, कागदाच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायचा, उन्हात कधीच नाही. रोज किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. मग धारदार चाकूचा शेवटचा एक हात, आणि जवसाचे तेल. खोबरेल लावले तर ते सुकत नाही, चिकट राहते. तेल दोन-तीन वेळा चोळून आठवडाभर मुरू द्यावे, त्यानंतर चमचा आमटीत घालायला हरकत नाही.